माझ्या डोळ्यावरचं कुंकू

शाळेच्या निर्लेखनाच्या यादीत मी चौदावा आहे. निर्लेखन म्हणजे निकामी ठरवून भंगारात काढणं. तेरावी एक फुटकी घंटा आहे, पंधरावी तीन पायांची खुर्ची. मधे मी. ‘सूक्ष्मदर्शक, पितळी, एक नग, नादुरुस्त.’ कागदावर माझी एवढीच ओळख उरली आहे आणि ती खोटी आहे असंही मला म्हणवत नाही.

भंगारवाला दसरा झाला की येणार आहे. तोवर वेळ आहे म्हणून बोलतो. राग धरून बोलतोय असं समजू नका. राग होता कधीतरी, पण इतकी वर्षं कपाटात काढली की राग कुठे ठेवला होता तेच आठवत नाही.

माझा जन्म अंबाल्याचा. देश स्वतंत्र होऊन पंधरा वर्षं झाली होती. एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात एका म्हाताऱ्या कारागिरानं माझी भिंगं घासली. घासायचा, उजेडात धरायचा, मान हलवायचा आणि पुन्हा घासायचा. शेवटी त्यानं माशीचा एक पाय माझ्याखाली ठेवला आणि बराच वेळ बघत राहिला. मग शेजारच्याला म्हणाला, “विलायती से कम नहीं है.” माझ्या आयुष्यातलं ते पहिलं वाक्य. त्या काळी असं वाक्य ऐकलं की छाती फुगायची. माझी पितळेची असूनही फुगली होती.

मला आणलं महिपती सरांनी. सर मूळचे गडब गावचे, भातशेती करणाऱ्या घरातले. विज्ञान शिकून आले होते आणि डोंगराच्या अंगाला असलेल्या या गावात नव्या हायस्कुलात लागले होते. सूक्ष्मदर्शक घ्यायचा म्हटल्यावर संस्थेची मंडळी हसली. मग सरांनी सुगीच्या दिवसांत घरोघरी जाऊन भात गोळा केलं. कुणी पायलीभर दिलं, कुणी सूपभर. त्या भातातून मी आलो. म्हणून सर पोरांना सांगायचे, “हा शाळेचा नाही रे, गावाचा आहे. गावाच्या भातावर आलाय.”

पेणच्या एसटी स्टँडवरून सरांनी मला मांडीवर घेऊन आणलं. पेटीला धक्का लागू नये म्हणून शेजारच्या बाईला सरकायला सांगितलं, तर ती म्हणाली, “पेटीत काय देव हाय का?” सर म्हणाले, “नाही, डोळा आहे.” बाईनं लगेच पदर सावरला आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली. तेव्हा आमच्याकडे रेल्वे नव्हती. निडीला स्टेशन व्हायला अजून वीसेक वर्षं होती. एसटीतून उतरल्यावर पुढचं दोन तासांचं अंतर सर मला कडेवर घेऊन चालले.

पुढची अठ्ठावीस वर्षं चांगली गेली. चांगली गेली म्हणजे माझा वापर झाला. आमच्यासारख्यांचं सुख त्याहून वेगळं नसतं.

सरांच्या वर्गात एक रीत होती. पोरं रांगेत उभी राहायची आणि प्रत्येकाला दहा आकडे मोजेपर्यंत बघायला मिळायचं. मागची पोरं मोठ्यानं आकडे मोजायची आणि पुढच्याचा राग असेल तर भराभर मोजायची. डासाचा पाय, कांद्याची साल, खाडीकाठच्या मिठाचा खडा. माझ्यावर वाकलेला डोळा आधी मिचमिचायचा, मग एकदम मोठा व्हायचा. तो मोठा होतानाचा क्षण मी हजारो वेळा पाहिला आहे. माणसाचं सगळ्यांत खरं तोंड मला तेव्हा दिसायचं.

नुसती पोरंच नाही, गावातले शेतकरीही यायचे. भातावर करपा पडला की पान तोडून आणायचे आणि प्रयोगशाळेच्या दारात चपला काढायचे. सर पान बघायचे, मग त्यांनाही बघायला लावायचे. “हे दिसतंय ना, हे तुमचं भात खातंय.” शेतकरी म्हणायचा, “आयला, येवढुसं!” आणि पुढच्या वर्षी बी बदलायचा. सरांचा एक विद्यार्थी मुंबईला संशोधनाच्या कामात लागला. त्याचं पत्र आलं तेव्हा सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं, आणि नंतर मला पुसताना पुन्हा एकदा, नुसतं स्वतःशी. त्या पत्रात माझं नाव होतं. असो.

मला पुसायला जुन्या धोतराचं मऊ फडकं होतं. आपल्याकडे पावसाळ्यात भिंती पाझरतात, भिंगाला बुरशी धरते. म्हणून सर तव्यावर भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी माझ्या पेटीत ठेवायचे. तांदूळ ओल पिऊन घेतो. मृग लागला की नवी पुरचुंडी यायची.

आणि खंडेनवमीची पूजा. तेही सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. कोयता, नांगर, सुताराचा वाकस, शिवणयंत्र, एसटीचं स्टेअरिंग, काहीही सुटत नाही. पूजेला मांडलेल्या वस्तूला दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही, ती वापरायची नाही. तिलाही एक दिवस आराम. आमचा शिपाई पोपट मोठा भाविक माणूस. पहिल्याच वर्षी तो ताट घेऊन आला आणि त्याचं कुंकवाचं बोट थेट माझ्या नेत्रिकेकडे निघालं. नेत्रिका म्हणजे जिथे डोळा लावून बघतात ते वरचं भिंग. सरांनी त्याचा हात वरच्यावर धरला.

“पोपट, पायाला लाव. डोळ्याला नाही.”

“देवाच्या कपाळाला लावत्यात सर.”

“हा देव नाही. याला दिसायला पाहिजे.”

पोपटनं माझ्या लोखंडी पायाला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि वर्षानुवर्षं पायालाच लावत राहिला. पोपट सांगितलेलं विसरायचा नाही. पण सांगणारं माणूस हवं. सर एकोणीसशे एक्याण्णवला निवृत्त होऊन गडबला गेले आणि चार वर्षांनी वारले. तिसऱ्या दिवशी पोपटनं मला ते सांगितलं, कपाट झाडता झाडता.

सरांच्या जागी विमलबाई आल्या. हुशार बाई, हात हलका, पण नोकरी कच्ची. तासावर नेमलेल्या. दरवर्षी जूनमध्ये संस्थेनं पुन्हा बोलावलं तर शाळा, नाही तर घर. त्या मला नीट वापरायच्या. तांदळाची पुरचुंडीसुद्धा पोपटकडून कळल्यावर त्यांनी चालू ठेवली. पण बाहेर कुणी मोठ्यानं बोललं की त्यांचा हात माझ्यावर थांबायचा. सरांचा असा कधी थांबला नव्हता.

त्या वर्षांत संस्थेत दोन पार्ट्या पडल्या होत्या. एका बाजूला गोविंदाशेठ, दुसऱ्या बाजूला दाजीशेठ. दोघेही इथलेच, दोघांचे बाप माझ्यासाठी भात देणाऱ्यांतले. पण आता एक या पक्षात, एक त्या. संस्थेच्या निवडणुकीत दोघांनीही आपण जिंकलो असं जाहीर केलं, मग शाळेला दोन अध्यक्ष झाले, दोन शिक्के झाले. मुख्याध्यापक प्रत्येक कागदावर दोघांच्या सह्या घ्यायचे, एकाला कळू न देता दुसऱ्याची. झेंडावंदनाला एक शेठ दोरी धरायचा आणि दुसरा ओढायचा. पोरं हसायची. मग हसणंही बंद झालं, सवय झाली.

अशात गावाला अकरावी-बारावीचे विज्ञान वर्ग मिळण्याची संधी आली. साल अठ्ठ्याण्णव. शिक्षण खात्याची समिती येणार, प्रयोगशाळा बघणार आणि योग्य वाटली तर पुढच्या जूनपासून वर्ग सुरू. नाही तर दहावीनंतर विज्ञान शिकायचं तर रोहा किंवा पेण. ज्यांना जमायचं ते जातच होते. ज्यांना जमायचं नाही, त्यांतली एक आवडी.

आवडी नदीपलीकडच्या कातकरवाडीतली. दहावीला होती, वाडीतून तिथवर पोचलेली पहिलीच. तिचा बाप मोतीराम दिवाळीनंतर घरदार घेऊन वीटभट्टीवर जायचा. आवडी मात्र आजीपाशी राहून शाळा करायची. बापानं तिला स्पष्ट सांगितलं होतं आणि तिनं ते विमलबाईंना माझ्यासमोरच सांगितलं.

“बा म्हंतो, हितं निघाली शाळा तर शिकीवतो. रोह्याला नाय. निडीपत्तुर चालायचं, मंग गाडी, आन आजीकडं कोन बगल? नाय निघाली तर भट्टीवर चल म्हंतो.”

बाई म्हणाल्या, “निघेल गं.”

या पोरीची माझी ओळख निराळी होती. बाकीची पोरं मी दाखवीन ते बघायची. ती स्वतः काहीतरी घेऊन यायची. तिचा धाकटा भाऊ मारुती सारखा पोटानं आजारी असायचा. वाडीतली बरीच पोरं असायची. वाडी पाणी प्यायची ते नदीच्या पात्रात खणलेल्या डवऱ्याचं, म्हणजे खड्ड्याचं, आणि गाव विहिरीचं. एकदा ती दोन शिशांत दोन्हीकडचं पाणी घेऊन आली. बाईंनी थेंब थेंब काचपट्टीवर घेतला. विहिरीच्या थेंबात फारसं काही नव्हतं. डवऱ्याच्या थेंबात मात्र कितीतरी जीव सुळसुळत होते. चपलेच्या तळव्यासारखे लांबट, काही गोल, काही नुसते ठिपके.

आवडीचा डोळा मोठा झाला. मागे कुणी आकडे मोजत नव्हतं. ती कितीतरी वेळ तशीच होती.

“बाई, पानी जितं हाय!”

“हो.”

“ह्यातला कंचा पोट दुखवतो?”

बाई म्हणाल्या, “ते मलाही सांगता येणार नाही. यातले बरेच निरुपद्रवी असतात. ते शोधायला पुढे शिकावं लागतं.”

“मंग मी शिकते,” आवडी म्हणाली. जसं काही कुणी तिला पाणी आणायला सांगितलं होतं आणि ती निघाली होती.

त्या दिवसापासून ती दर सोमवारी दोन शिशा आणायची. पाणी उकळलं तर काय होतं, फडक्यानं गाळलं तर काय होतं, हे वहीत लिहायची, चित्रं काढायची. समितीपुढे हाच प्रयोग दाखवायचा असं बाईंनी ठरवलं. कारागिराचं ते वाक्य मला त्या महिन्यात पुन्हा आठवलं. विलायती से कम नहीं है. मला वाटत होतं की मी अजून उपयोगाचा आहे.

समिती दसऱ्यानंतर येणार होती. पण साहेबांना सुट्टीआधी उरकायचं होतं, म्हणून निरोप आला की नवमीलाच दुपारी येतो.

नवमीच्या सकाळी पोपटनं नेहमीसारखं मला पाटावर मांडलं. शेजारी तराजू, स्पिरिटचा दिवा, घंटा. गोविंदाशेठ आले. म्हणाले, यंदा अध्यक्षांच्या हातची पूजा. पोपट हळूच म्हणाला, “शेठ, पायाला लावायचं. सर सांगून गेल्यात.” गोविंदाशेठनी पायाला कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि फोटो काढून घेतला. इथवर ठीक होतं.

घटकाभरात दाजीशेठ आले, पाच-सात माणसं घेऊन. त्यांनी पाटाकडे पाहिलं.

“पूजा कुनी केली?”

पोपटनं सांगितलं.

“त्यांनी पायाला लावली काय? बरं. मंग आपन डोक्याला लावू.”

पोपटनं तोंड उघडलं होतं. शेठनं त्याच्याकडे बघितलं आणि पोपटनं ते मिटलं. दाजीशेठनी पंचपात्रातल्या पाण्यात कुंकू कालवलं आणि अंगठ्यानं माझ्या नेत्रिकेवर ठसठशीत टिळा लावला. वर हळद. मग नारळ फोडला. त्याचं पाणी माझ्यावर शिंपडलं, ते खालच्या भिंगांवर ओघळलं. “बोला, सरस्वती माता की,” असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी “जय” केलं. शाळेतली पोरं खिडकीतून बघत होती. त्यांनीही केलं.

माझ्यातून काही दिसेनासं झालं. दुखलं वगैरे नाही. नळीत फक्त लाल होतं आणि ते हलत नव्हतं.

विमलबाई अकरा वाजता आल्या आणि दारातच थबकल्या. दोन्ही शेठ बाहेर व्हरांड्यात बसले होते, एक या टोकाला, एक त्या टोकाला. बाईंनी फडकं घेतलं, स्पिरिटची बाटली घेतली. मला वाटलं, झालं, दोन मिनिटांचं काम आहे.

“बाई,” पोपट म्हणाला, “आज हात लावायचा नाय. उद्या उत्तरपूजा झाल्याबिगर नाय.”

“पोपटभाऊ, साहेब दोन वाजता येणार आहेत.”

“शेठना इच्यारा.”

बाईंनी आधी दाजीशेठना विचारलं. ते म्हणाले, “आमचं कुंकू पुसनार? गोविंदाच्या पूजेचं नाय पुसत ते?” बाई म्हणाल्या, ते पायाला आहे, त्याचा अडथळा नाही. “म्हंजी आमचाच अडथळा व्हतो,” शेठ म्हणाले. मग बाई गोविंदाशेठकडे गेल्या. ते गालातल्या गालात हसले. “मी कशाला सांगू? ज्यानं लावलं त्यानं पुसावं. सायबाला बगू दे की कुनी काय केलं ते.”

बाई परत माझ्यापाशी आल्या. आवडी कोपऱ्यात दोन शिशा घेऊन उभी होती, वही छातीशी धरून. बाईंनी स्पिरिटमध्ये बुडवलेलं फडकं माझ्या डोळ्यापर्यंत आणलं. मला त्या स्पिरिटचा गारवा जाणवला, इतकं जवळ. मग त्यांचा हात थांबला. जूनमध्ये पुन्हा बोलावणारे दोघं बाहेर बसले होते. हात मागे गेला.

मी त्यांना दोष देत नाही. तेव्हाही दिला नाही. मी फक्त जे झालं ते सांगतोय.

साहेब आले, चहा झाला, दोन्ही बाजूंचे हार झाले. आवडीनं डवऱ्याचा थेंब काचपट्टीवर घेतला, नीट बसवला, आरसा फिरवून उजेड घेतला. थेंब सांडला नाही. साहेब वाकले. त्यांचा डोळा माझ्याजवळ आला, मिचमिचला आणि मोठा झालाच नाही.

“यात काही दिसत नाही. नुसतं लाल आहे.”

“पूजा झालीय सर,” मुख्याध्यापक म्हणाले.

“मग दुसरा सूक्ष्मदर्शक दाखवा.”

दुसरा नव्हता. साहेबांनी रुमालानं भुवईवरचं कुंकू पुसलं. आवडी वही पुढे करत म्हणाली, “सायेब, चित्रं हायेत. ह्ये बगा, उकाळल्यावर कमी व्हत्यात.” साहेबांनी वही हातात घेतली, दोन पानं उलटली. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, “छान आहे, बाळ.” आणि मग आपल्या कागदावर लिहिलं ते मुख्याध्यापकांनी नंतर मोठ्यानं वाचलं. ‘उपकरणे नादुरुस्त. प्रयोगशाळा अपुरी. शिफारस करता येत नाही.’

त्यानंतर दोन्ही शेठ भांडले. चूक कुणाची, यावर. पोलीस आले, पंचनामा झाला आणि मी पुरावा झालो. पुराव्याला हात लावायचा नाही म्हणून मला कुंकवासकट पेटीत आणि पेटी कपाटात गेली. गोविंदाशेठनी कपाटाला आपलं कुलूप लावलं. दाजीशेठनी त्यावर आपलं लावलं. प्रकरण तारखांना लागलं. विमलबाई एकदा मुख्याध्यापकांना म्हणाल्या, निदान पुसून तरी ठेवू द्या, ओल धरेल. मुख्याध्यापक म्हणाले, तारीख आहे, बाई. पुढच्या जूनमध्ये बाईंना बोलावणं आलं नाही. एवढं सांभाळूनही. त्या पेणला कुठल्याशा शिकवणीत लागल्या म्हणे.

आवडी दहावी पास झाली. हे पोपटनं कपाटाच्या दाराशी बसून मला सांगितलं, आतला मी ऐकतोय असं त्याला वाटायचं. “पास झाली रं. भट्टीवर गेली.” आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात: “तिचा भाऊ गेला, मारुती. भट्टीवरच. पोटानं.” मग जाता जाता “मी बोललो आस्तो तवा,” एवढंच म्हणाला.

पावसाळे आले, गेले. तांदळाची पुरचुंडी कुणी बदलली नाही. कुंकू सुकलं, मग ओलं झालं, मग पुन्हा सुकलं. भिंगांच्या आत बुरशीचे धागे पसरले. मी बाहेरचं फक्त ऐकत होतो. विज्ञानाच्या जागेवर कुणी नेमलं गेलं नाही, मग हिंदीचे सर तो तास घ्यायला लागले. ते पुस्तकातून वाचून दाखवायचे, ‘सूक्ष्मदर्शकाची आकृती पाहा.’ पोरं पाहायची. मी चार हातांवर कपाटात होतो. गणपतीच्या दिवसांत हमरापूरहून विक्रीला आणलेल्या मूर्ती या खोलीत ठेवायचे, निवडणुकीच्या वेळी पेट्या. दर नवमीला पोपट यायचा आणि कपाटाच्या दोन्ही कुलपांना हळदकुंकू लावायचा. त्यात तो डावंउजवं करायचा नाही. तो निवृत्त झाल्यावर नवा शिपाईही तेच करायला लागला.

दोन्ही शेठ वारले. त्यांची मुलं आता एकाच पक्षात आहेत, एकाच गाडीतून फिरतात. तेव्हा कुणीतरी म्हणालं की मग ते कपाट कशाला बंद ठेवायचं. कुलपं तोडली. कपाट उघडलं ते माझ्यासाठी नाही, नव्या पेट्या ठेवायला जागा हवी होती म्हणून. सरकारातून प्रयोगशाळेचं नवं साहित्य आलं आहे, त्यात सहा सूक्ष्मदर्शक. चीनमध्ये बनलेले, असं कुणीतरी पेटीवरचं वाचलं. अंबाल्याच्या त्या गल्लीत आता काय आहे कोण जाणे. पेट्या मागच्या वर्षापासून तशाच बंद आहेत. उद्घाटनाला मंत्र्यांची तारीख मिळायची आहे. त्यांच्याशी बोलायचा मी प्रयत्न केला, पण अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले आहेत, त्यांना काही कळत नाही.

मध्यंतरी आपलं यान चंद्रावर उतरलं तेव्हा याच खोलीत टीव्ही लावला होता. पोरांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. मलाही बरं वाटलं. बरं वाटलं म्हणजे वाटायला हवं हे मला आठवलं.

आता ही खोली खिचडीच्या तांदळाचं कोठार आहे. आणि खिचडी कोण शिजवतं माहीत आहे? आवडी. चाळिशी उलटली आहे, केस पांढरे व्हायला लागलेत. तिची मुलगी ठमी इथेच सातवीत आहे. दोन वर्षं ती रोज या खोलीत येते, पोतं सोडते, तांदूळ मोजून घेते, जाते. माझ्या कपाटाकडे, नंतर बाहेर आलेल्या पेटीकडे तिनं कधी पाहिलं नाही. मला वाटलं विसरली असेल. मलाही ते बरंच वाटलं.

आज सकाळी कारकुनानं यादीतल्या वस्तू बाहेर काढून ओळीनं ठेवल्या. आवडी तांदूळ न्यायला आली आणि माझ्यापुढे थांबली. मागून ठमी आली.

“ह्ये काय गो आये?”

 आवडीनं मला उचलून खिडकीत ठेवलं.

ठमीनं डोळा लावला. “लाल दिसतंय. निस्तं लाल.”

“सरक,” आवडी म्हणाली. तिनं पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि माझा डोळा पुसला. मग चुलीजवळचा साबण, तेलाचा डबा, कायकाय आणून बघितलं. शेवटी स्पिरिट मिळालं, शाळेच्या औषधपेटीतलं. सव्वीस वर्षांपूर्वीचं कुंकू सहज निघत नाही. ती घासत राहिली, नखानं नाही, मऊ हातानं, विमलबाईंसारखी. दारातून नवा शिपाई म्हणाला, “आवडीबाई, कशाला येळ घालवताय? भंगारात चाललंय त्ये. उद्याच्याला पूजा तेवढी करू, मंग जाईल.” तिनं मान वर केली नाही. पुसायला तिनं कुणाला विचारलंही नाही.

अर्धा भाग मोकळा झाला. उरलेल्या अर्ध्यात बुरशी आहे, ती जाणार नाही. मग तिनं ठमीची पाण्याची बाटली उघडली. वाडी अजून डवऱ्याचंच पाणी पिते. नळयोजनेची पाटी लागली आहे, दोनदा. काचपट्टीवर एक थेंब. आरसा फिरवला. तो कुठे फिरतो ते तिच्या हाताला आठवत होतं.

ती वाकली. तो डोळा मी ओळखला. मिचमिचला. आणि मोठा झाला.

मला आनंद व्हायला हवा होता. काहीतरी झालं खरं, पण ते काय होतं हे सांगायची माझी सवय गेली आहे.

बराच वेळ ती तशीच होती. मग सरळ उभी राहिली.

“अजून हाय,” म्हणाली.

“काय अजून हाय?”

“बग तूच.” चुलीवरचं आधण उतू जात होतं, त्याचा वास आला. तिनं पोत्यातले मूठभर तांदूळ फडक्यात बांधून माझ्या रिकाम्या पेटीत टाकले, भाजायला वेळ नव्हता, आणि बादली उचलून निघाली. दारातून वळून म्हणाली, “हालवू नको त्येला. सावकाश बग.”

ठमी आता बघतेय. मागे रांग नाही, आकडे मोजायला कुणी नाही. तिचा डोळा अजून मिचमिचतोय. मोकळा अर्धा भाग तिला सापडायचा आहे.

यादीतून माझं नाव काढा असं मी म्हणत नाही. भंगारवाला यायचा तेव्हा येऊ दे. माझं मागणं एवढंच आहे की उद्या ताट घेऊन याल तेव्हा कुंकू पायाला लावा, डोळ्याला नको. पोरगी बघतेय.